गोव्याच्या किनाऱ्यावरील जुनी समुद्रपातळी कशी काढावी

खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील शेतीचे, बांध किती उंच ठेवावेत हे ठरवताना समुद्र पूर्वी कोठे होता, हे ठाऊक असणे आवश्यक असते. उपग्रहांची सलग मोजमापे मात्र १९९२ साली टोपेक्स-पोसायडन हा समुद्राची उंची मोजणारा उपग्रह अवकाशात गेल्यानंतरचीच आहेत. त्याआधीचे चढउतार बंदरांतील भरतीमापकांनी नोंदले आहेत, पण ते मोजक्याच ठिकाणी. म्हणून उपग्रहांकडून चढउताराची भौगोलिक मांडणी घ्यावी आणि त्याचे प्रमाण भरतीमापकांकडून घ्यावे.

युरोपीय संघाच्या कोपर्निकस सागरी सेवेकडून उपग्रहांचे मासिक पातळीचे नकाशे आणि जगभरच्या भरतीमापकांच्या नोंदी जपणाऱ्या पीएसएमएसएल या संस्थेकडून मुरगाव, मुंबई व कोची येथील मासिक नोंदी घ्याव्यात. मुंबईच्या नोंदी १८७८ पासून आहेत, त्यामुळे त्यांचे मोल मोठे. उपग्रह पाण्यावरून परतणाऱ्या रडार लहरीने उंची मोजतो आणि जमिनीलगत ही परतणारी लहर बिघडते. म्हणून नकाशातील किनाऱ्यापासून काहीसा दूरचा चौकोन निवडावा. उपग्रहाच्या आकड्यांतून हवेच्या दाबाचा परिणाम सहसा वजा केलेला असतो, मापकाच्या आकड्यांतून तो स्वतः वजा करावा लागतो. दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. ऋतुचक्रही दोन्हींतून काढून टाकावे, कारण आपल्याकडे भर पावसाळ्यात, नद्या दुथडी भरून वाहत असतानाही, प्रवाहांच्या बदलामुळे समुद्राची सरासरी पातळी खालावते.

यानंतर १९९३ पासूनच्या नकाशांतून चढउताराचे मोजके प्रमुख आकृतिबंध, म्हणजे पाणी कोठे किती एकत्र वरखाली होते याचे नमुने, काढावेत आणि त्याआधीच्या प्रत्येक महिन्यासाठी मापकांशी सर्वांत जवळचा मेळ बसेल असा त्यांचा वाटा ठरवावा. समुद्रपातळीचे अभ्यासक चर्च आणि व्हाइट यांची पद्धत हीच आहे. येथे दोन गोष्टींत तडजोड करू नये. प्रत्येक मापकाचा शून्यबिंदू वेगळा असल्याने थेट उंचीऐवजी एका महिन्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंतचा फरक जुळवावा आणि मग ते फरक क्रमाने मिळवत न्यावेत. तसेच सर्वत्र सारखाच असलेला एक आकृतिबंध मुद्दाम जोडावा, अन्यथा समुद्राची एकूण वाढ गणितातून निसटते.

जमिनीच्या संथ हालचालीची दुरुस्ती करून झाल्यावर मुरगाव वगळून हेच गणित पुन्हा करावे आणि आलेले उत्तर मुरगावच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावे. त्यांत दिसणारी तफावत प्रत्येक आकड्यासोबत चुकीची मर्यादा म्हणून लिहावी, आणि मापक विरळ होत जाणाऱ्या जुन्या काळासाठी ती मर्यादा अधिक रुंद ठेवावी.