गॅसची लाइन आखण्याआधी गिझरची जागा ठरवा

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की मला फोन सुरू होतात. आमच्याकडे पाइप गॅस येतोय, शेगडीबरोबर गिझरही त्यावरच घ्यायचाय, तर लाइन कुठून न्यायची? मी इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूला प्लंबिंगची कामं घेतो. गॅसची लाइन मी टाकत नाही आणि ओळखीच्या कुठल्या प्लंबरकडून तुम्हीही टाकून घेऊ नका. ते काम गॅस कंपनीने नेमलेल्या माणसांचंच. नाशकात ही कंपनी म्हणजे एमएनजीएल, महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड. पण ती माणसं दारात येतात तेव्हा त्यांच्याकडे वेळ कमी असतो. घरच्यांचं काही ठरलेलं नसेल तर जो रस्ता सोपा दिसेल तिथून पाइप जातो आणि पुढची वीस वर्षं तो तसाच राहतो.

बहुतेक जण मीटरपासून विचार सुरू करतात. माझं म्हणणं आहे, शेवटापासून सुरू करा. आधी गिझर कुठे बसणार ते ठरवा, मग शेगडी, आणि तिथून उलट मीटरपर्यंत या.

गिझर बाथरूममध्ये बसवायचा नाही, यावर मी अडून बसतो. गॅस जळताना खोलीतली हवा घेतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं, पण मोनॉक्साइडच्या बाबतीत नाक काहीच सांगत नाही. दार लावून आंघोळ करणाऱ्याला आधी गरगरतं, मग कडीपर्यंत हातही पोचत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्या वाचून मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं.

एका रो हाउसमधल्या काकू म्हणाल्या, “जुना गिझर आतच होता ना भाऊ, मग हाही तिथेच लावा की.” जुना विजेचा होता. त्यांना ड्राय बाल्कनीत नेलं, खडूने भिंतीवर गिझरचा चौकोन काढला आणि तिथून बाथरूमच्या नळापर्यंत टेप धरला. साडेसात मीटर भरलं. अर्ध्या इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटरच्या आत पाणी मावतं. म्हणजे गरम पाणी यायच्या आधी दीड लिटरच्या आसपास गार पाणी जाणार. ते बादलीत धरून भांड्यांना वापरता येतं. एवढ्याशा पाण्यासाठी बाथरूममध्ये ज्योत पेटवायची? काकूंना पटलं. पाणी लांबून आत आणा, गॅस बाहेरच राहू दे. गरम पाण्याच्या पाइपाला फोमची नळी चढवली की भागतं.

ड्राय बाल्कनी मात्र उघडी राहिली पाहिजे. आपल्याकडे थंडी आणि धूळ नको म्हणून तिला सरकत्या काचा लावून टाकतात. मग ती बाल्कनी राहत नाही, बंद खोली होते. काचा लावल्याच असतील तर वर आणि खाली दोन्हीकडे कायमची जाळी ठेवा आणि गिझरचं धुराडं बाहेर काढा. वरची जाळी आणखी एका कारणासाठी लागते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. पाइपातला नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो. ओट्याखालच्या जुन्या जाळीवर विसंबून राहू नका. खिडकीच्या वरच्या भागात, बुजवता येणार नाही अशी जागा हवी.

आता किती गॅस लागेल ते बघू. थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर असलं आणि ४० वर न्यायचं असलं, तर मिनिटाला ६ लिटर देणारा गिझर तासाला सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस घेतो. दोन बर्नरची शेगडी अर्धा घनमीटर धरा. घरगुती जोडणीला बसणाऱ्या ‘जी १.६’ मापाच्या गॅस मीटरमधून तासाला जास्तीत जास्त अडीच घनमीटर जातो. एक गिझर आणि शेगडी आरामात चालते. दोन बाथरूमना दोन गिझर लावून सकाळी सातला सगळं एकदम सुरू केलं तर हिशेब बसत नाही. अर्ज भरतानाच कंपनीला सांगा की गिझरही आहे, आणि त्याचा पॉइंट तेव्हाच मागा. नंतर टी, म्हणजे चालू लाइनमधून फाटा, काढायची म्हणजे पुन्हा माणसं, पुन्हा चाचणी, पुन्हा पैसे.

रस्ता आखताना खडू आणि टेप घेऊन भिंतीवर प्रत्यक्ष रेघ ओढा. घरातला दाब साधारण २१ मिलिबार, म्हणजे फारच थोडा. त्यामुळे प्रत्येक एल्बो आणि जास्तीचा प्रत्येक मीटर तो दाब खातो. वळणं कमी ठेवा. पाइप भिंतीच्या बाहेरून, दिसेल असा जाऊ द्या. प्लास्टरमध्ये, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा ट्रॉलीच्या मागे लपवू नका. मॉड्युलर किचनवाला हमखास म्हणेल, “आत घेऊन टाकू, छान दिसेल.” ऐकू नका. बेडरूम, बाथरूम आणि लिफ्टची डक्ट टाळा. विजेचा बोर्ड आणि वायरिंगपासून किमान वीतभर अंतर ठेवा. भिंत ओलांडायची तिथे पाइपावर स्लीव्ह, म्हणजे बाहेरून मोठी नळी, हवीच. क्लॅम्पमुळे पाइप भिंतीपासून बोटभर सुटा राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून मागून गंज चढतो आणि रंगाचा ब्रशही तिथे पोचत नाही.

शेगडी आणि गिझर, दोघांना गॅस बंद करायची वेगळी चावी पाहिजे, आणि ती उभ्या माणसाच्या हाताला लागेल अशी. रबरी होज दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती भिंतीतून किंवा खिडकीतून कधीच न्यायची नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा दाबही बघावा. टाकी डोक्यावर लगेच असली तर गिझर अनेकदा पेटतच नाही. दहा मीटर उंचीला एक बार, या हिशेबाने दोन मीटरला ०.२ बारच मिळतो. कमी दाबावर चालणारं मॉडेल विचारून घ्या. सिलिंडरवरचा जुना गिझर तसाच जोडू नका. नैसर्गिक गॅसला जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक छिद्र, वेगळं लागतं. शेगडीचंही तसंच.

काम संपल्यावर घाई करू नका. गॅस सोडण्याआधी लाइनमध्ये दाब भरून गेज लावतात, तेव्हा काटा हलत नाही ना, ते स्वतः उभं राहून बघा. गॅस आला की प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायला सांगा. गळती बघायला काडी कोणालाही पेटवू देऊ नका. मग शेगडीचे दोन्ही बर्नर आणि गिझर एकदम सुरू करा. शेगडीची ज्योत खाली बसली किंवा पिवळी झाली तर तिथल्या तिथे दाखवा, सही नंतर. जाताना ते मुख्य चावी दाखवतील. ती घरातल्या प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने बंद करून बघावी, भाडेकरू असतील तर त्यांनीही.