अपडेटनंतर बॅटरी टिकेना? आधी गळती शोधा, मग सेटिंगला हात लावा

कालपर्यंत दिवसभर निभावून नेणारा फोन आज दुपारीच चार्जर मागतो. मध्ये घडलेली एकच गोष्ट आठवते : रात्री झोपताना ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवलं होतं. मग ब्लूटूथ बंद, लोकेशन बंद, ब्राइटनेस खाली, नोटिफिकेशन बंद, दिसेल ते बंद. दोन दिवसांनी बॅटरी सुधारली तर कशामुळे सुधारली ते कळत नाही. नाही सुधारली, तर बॅटरीही गेली आणि फोनही धड वापरता येईना.

हा उद्योग मीही केलाय. तासभर बसून अठरा-वीस सेटिंग बदलल्या, आणि खरा खादाड निघालं मेलचं एक जुनं खातं. त्याचा पासवर्ड बदलला होता, पण नवा पासवर्ड फोनमध्ये टाकायचा राहिला होता. फोन बिचारा दिवसभर दार ठोठावत बसला होता. नळ कुठे गळतोय ते न बघता घरभरच्या तोट्या आवळत सुटावं, तसं झालं.

पायरी १ : दोन-तीन दिवस थांबा, पण नुसते थांबू नका

मोठं अपडेट आलं की फोन आतल्या आत बरंच घर आवरतो. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप्स नव्या सिस्टिमला जुळतील अशी पुन्हा तयार केली जातात. आयफोनमध्ये शोधाची सूची नव्याने बनते, फोटोंमधले चेहरे आणि वस्तू पुन्हा तपासल्या जातात. ज्याच्याकडे वीस हजार फोटो आहेत, त्याच्या फोनला हे काम अर्थातच जास्त पुरतं. अपडेटनंतर काही काळ बॅटरी आणि फोनचं तापमान यांवर परिणाम होऊ शकतो, असं अ‍ॅपलही आपल्या मदत-पानावर सांगतं.

यातली बरीच कामं फोन चार्जिंगला लावलेला आणि वापरात नसतानाच होतात. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री फोन वाय-फायवर आणि चार्जरवर ठेवून झोपा. दिवसा पाच-पाच मिनिटं चार्जिंगला लावून सतत हाताळत राहिलात तर ही कामं रेंगाळतात.

याच काळात दोन गोष्टी उरकून घ्या. फोन एकदा रीस्टार्ट करा. आणि अ‍ॅप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमध्ये जाऊन सगळी अ‍ॅप्स अपडेट करा. नव्या सिस्टिमवर जुनं अ‍ॅप अडखळतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बॅटरी खातं, हे नेहमीचं आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी दुरुस्ती आधीच दिलेली असते, आपण ती घेतलेली नसते.

पायरी २ : रात्रीची चाचणी

तीन दिवस झाले, तरी रडगाणं तेच? मग दोन रात्री खर्च करा. या चाचणीसाठी अ‍ॅप लागत नाही, कागद आणि पेन पुरतं.

पहिल्या रात्री फोन ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असताना चार्जर काढा. शंभरवरून सुरुवात करू नका. बऱ्याच फोनमध्ये ‘१००’ हा आकडा काही काळ हलतच नाही आणि हिशेब फसतो. एअरप्लेन मोड लावा. वाय-फाय आणि ब्लूटूथही खरंच बंद झालेत ना ते बघा, कारण हल्लीचे फोन तुमची मागची निवड लक्षात ठेवून ते चालू ठेवतात. वेळ आणि टक्के लिहून ठेवा. गजर एअरप्लेन मोडमध्येही वाजतो. रात्री कुणाचा तातडीचा फोन येण्याची शक्यता असेल, तर हीच चाचणी दिवसा, चार तास फोन बाजूला ठेवून करा. सकाळी उठल्यावर पुन्हा टक्के लिहा.

दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त एअरप्लेन मोड बंद.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आठ तासांत एअरप्लेन मोडमध्ये दोन-तीन टक्के आणि एरवी पाच-सहा टक्के उतरले, तर मी ते ठीक समजतो. दहाच्या वर गेलं की शंका घ्यायची.

पहिली रात्र चांगली, दुसरी वाईट : गळती नेटवर्कमध्ये किंवा नेट वापरणाऱ्या अ‍ॅपमध्ये आहे. पायरी ३ आणि ४ तुमच्यासाठी.

दोन्ही वाईट : एखादं अ‍ॅप फोनला झोपूच देत नाहीये, बंद स्क्रीनवर घड्याळ दाखवणारं ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ सुरू आहे, किंवा बॅटरीच थकली आहे. ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ बंद करून बघा, पायरी ३ करा आणि थेट ६ वर जा.

दोन्ही चांगल्या, तरी दिवसा बॅटरी उतरते : स्क्रीन आणि तुमचा वापर. पायरी ५. (अपडेटनंतर नवी फीचर्स चाळत आपणच फोन जास्त हातात घेतो, हेही प्रामाणिकपणे धरा.)

पायरी ३ : बॅटरीचा तक्ता नीट वाचा

सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडा. अँड्रॉइडवर पुढे ‘बॅटरी युसेज’ असतं. इथे बहुतेकांची एक चूक होते. अ‍ॅपपुढचा टक्का हा बहुधा झालेल्या खर्चातला वाटा असतो, पूर्ण बॅटरीतला नव्हे. एखाद्या अ‍ॅपपुढे ४० टक्के दिसले आणि त्या वेळात बॅटरी एकूण १० टक्केच उतरली असेल, तर त्या अ‍ॅपने खाल्ले फक्त चार टक्के. घाबरून ते काढून टाकायची गरज नाही.

टक्क्यांपेक्षा वेळ बघा. अ‍ॅप स्क्रीनवर किती वेळ होतं आणि बॅकग्राउंडला किती? दोन तास व्हिडिओ बघितला आणि व्हिडिओचं अ‍ॅप वर आलं, तर त्यात गुन्हा काही नाही. पण जे अ‍ॅप तुम्ही दिवसभरात उघडलंच नाही, ते बॅकग्राउंडला तीन तास जागं होतं, तर चोर सापडला.

अँड्रॉइडच्या यादीत ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ (इतर अ‍ॅप्सना सेवा पुरवणारा सिस्टिमचाच भाग) वर दिसलं की लोक त्याच्यावरच तुटून पडतात. ते बहुतेक वेळा दुसऱ्याची हमाली करत असतं : कुणासाठी लोकेशन शोधायचं, कुणासाठी खातं सिंक करायचं. त्याला बंद करायला जाऊ नका. खाती तपासा. कुठलं खातं पुन्हा साइन-इन मागतंय का, फोटोंचा बॅकअप अर्ध्यात अडकलाय का? आणि लोकेशनच्या परवानग्यांमध्ये ‘नेहमी’ अशी मुभा असलेली अ‍ॅप्स शोधा. त्यातल्या बहुतेकांना ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढी मुभा पुरते.

चोर सापडला की क्रमाने जा. आधी अपडेट, मग फोर्स स्टॉप, मग काढून पुन्हा टाकणं. मात्र काढण्याआधी त्यातल्या माहितीचा बॅकअप आहे का ते बघा. तरीही ऐकत नसेल, तर अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ असल्यास ‘ऑप्टिमाइझ्ड’ करा, त्याहून पुढे ‘रिस्ट्रिक्टेड’. सॅमसंगवर ‘डीप स्लीपिंग अ‍ॅप्स’ची यादी आहे. आयफोनवर ‘जनरल’मध्ये ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ आहे. गजर, मेसेज आणि औषधांची आठवण देणारी अ‍ॅप्स मात्र या यादीत ढकलू नका, नाहीतर बॅटरी उरेल आणि गोळी राहील.

अँड्रॉइडवर अजून एक उपाय आहे, सेफ मोड. बऱ्याच फोनमध्ये बंद करण्याच्या मेन्यूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. सेफ मोडमध्ये काढलेली रात्र चांगली गेली, तर दोष एखाद्या अ‍ॅपचाच, एवढं पक्कं होतं. आयफोनमध्ये ही सोय नाही.

आणि हो, चालू अ‍ॅप्स बोटाने सरकवून बंद करत बसणं सोडा. २०१६ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींच्या सॉफ्टवेअर-प्रमुखांनी याचा फायदा नाही, असंच सांगितलं होतं. बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा शून्यापासून उघडायला उलट जास्त कष्ट पडतात. अडकलेलं अ‍ॅप तेवढं बंद करा.

पायरी ४ : नेटवर्क

सिग्नल जितका कमजोर, तितक्या जोराने फोनला टॉवरशी बोलावं लागतं. अपडेटनंतर नेटवर्कची निवड कधी कधी मूळ पदावर येते. तुम्ही ४जी ठेवलेलं असतं, ते परत ५जी होतं, आणि तुमच्या भागात ५जी काठावरच मिळत असेल तर फोन दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत राहतो. दोन दिवस ४जीवर ठेवून फरक बघा. आयफोनवर ‘५जी ऑन’ऐवजी ‘५जी ऑटो’ हा मधला मार्ग आहे.

दोन सिम असतील तर वापरात नसलेल्या सिमकडे बघा. ज्याला रेंजच नाही, असं सिम रेंज शोधत बसतं. ते सेटिंगमधून बंद करा.

एवढ्याने भागलं नाही तर ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’. यात फोटो-मेसेज जात नाहीत, पण साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात आणि ब्लूटूथच्या जोड्याही बहुधा पुन्हा कराव्या लागतात. ई-सिम (फोनच्या आतच असलेलं डिजिटल सिम) पुसायचा पर्याय समोर आला तर त्यावर खूण करू नका.

पायरी ५ : स्क्रीन

इथे पाच मिनिटांचं काम आहे. आपोआप ब्राइटनेस सुरू आहे ना, स्क्रीन किती वेळाने बंद होते, ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ आणि हलता वॉलपेपर अपडेटने आपणहून सुरू केलाय का, आणि रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रंगते तो आकडा) १२० हर्ट्‌झवर अडकलाय का, एवढं बघा.

डार्क मोडबद्दल जरा जास्त, कारण त्याचं कौतुक फार होतं. फायदा फक्त ओलेड स्क्रीनवर, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे जवळपास विझलेला ठिपका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं, तेव्हा पूर्ण ब्राइटनेसवर सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत दिसली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर ती अवघी ३ ते ९ टक्के. घरात बसून वापरणाऱ्याने डार्क मोड डोळ्यांसाठी लावावा, बॅटरीसाठी त्याची फार आस धरू नये.

पायरी ६ : बॅटरीच म्हातारी झाली का?

हा प्रश्न कुणाला आवडत नाही. फोन ३० टक्क्यांवर असताना अचानक बंद पडतो, थंडीत जास्तच त्रास देतो, टक्के पायऱ्या उतरावेत तसे धपाधप खाली येतात, ही लक्षणं बॅटरीची. कमजोर बॅटरी जुन्या सिस्टिमवर कशीबशी पुरत होती, अपडेटनंतरच्या जादा कामाने ती उघडी पडली, असं बऱ्याचदा होतं.

आयफोनवर ‘बॅटरी हेल्थ’मध्ये कमाल क्षमता दिसते. आयफोन १४ आणि आधीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज-फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, १५ पासून हा आकडा १००० आहे. दोनदा ५० टक्के वापरलं तर ती एक फेरी. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ अ‍ॅपमध्ये बॅटरीची तपासणी करता येते. गुगलच्या पिक्सेल ८ए आणि नंतरच्या पिक्सेल फोनमध्ये सेटिंगमध्येच माहिती आहे. क्षमता ८० च्या खाली असेल, तर सेटिंगशी झगडणं सोडा आणि अधिकृत ठिकाणी बॅटरी बदलून घ्या.

‘कंपनीच मुद्दाम करते’ हा संशय मात्र अगदीच हवेतला नाही. थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअर त्यांचा वेग कमी करतं, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. बॅटरी हेल्थचं पान त्यानंतर, २०१८ मध्ये, आयफोनच्या सिस्टिमच्या ‘आयओएस ११.३’ या आवृत्तीत आलं. जानेवारी २०२५ मध्ये गुगलच्या अपडेटने काही पिक्सेल ४ए फोनांची बॅटरी-क्षमता कमी केली आणि कंपनीने भरपाईची योजनाही काढली. म्हणून तुमच्या मॉडेलच्या अपडेटसोबतची टिपणी आणि कंपनीचं मदत-पान एकदा वाचाच. दोष सगळ्यांनाच येत असेल, तर काही दिवसांत दुरुस्तीचं छोटं अपडेट येतं. मग आपण उगाच डोकं फोडून घ्यायचं नाही.

पाठ फुगली असेल किंवा स्क्रीन कडेने वर उचलली गेली असेल, तर वरचं सगळं विसरा. चार्जिंग लगेच थांबवा, फोन दाबू नका, टोचू नका आणि दुरुस्तीला न्या.

अगदी शेवटी : फॅक्टरी रीसेट

जुन्या सिस्टिमवर परत जाणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तो नाही. अ‍ॅपल काही काळाने जुनी आवृत्ती टाकू देत नाही आणि अँड्रॉइडवर मागे जाताना फोन बहुधा पूर्ण पुसला जातो. त्यापेक्षा आहे त्या आवृत्तीवर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून कोरा करणं, बरं.

त्याआधी फोटो, संपर्क आणि चॅट यांचा बॅकअप घ्या. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले (लॉगिन करताना लागणारे) कोड दुसऱ्या फोनवर हलवा, हे हटकून राहतं आणि नंतर बँकेच्या दारात अडकायला होतं. गुगल किंवा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड पाठ असल्याची खात्री करा, कारण रीसेटनंतर फोन तोच मागतो.

फोन नवा झाल्यावर सगळी अ‍ॅप्स एकदम ओतू नका. पहिले दोन-तीन दिवस अगदी लागतील तेवढीच ठेवा, फोनला त्याचं आवरून घेऊ द्या. चौथ्या रात्री पुन्हा ८५ टक्क्यांवर चार्जर काढा, आणि सकाळचा आकडा त्याच जुन्या कागदावर आधीच्या दोन आकड्यांखाली लिहा. मग उरलेली अ‍ॅप्स चार-पाचच्या घोळक्याने टाकत जा. ज्या घोळक्यानंतर आकडा उडी मारेल, त्यातच तुमचा खादाड आहे.