कॉलेज टाउनमधल्या स्टेकहाउसला जाताय? आधी कॅलेंडर बघा

अमेरिकेतल्या कॉलेज टाउनमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीभोवती वसलेल्या गावात, एकाच स्टेकहाउसबद्दल (स्टेक म्हणजे ग्रिलवर भाजलेला बीफचा जाड तुकडा) एक जण म्हणतो आयुष्यातला बेस्ट स्टेक खाल्ला आणि दुसरा म्हणतो दीड तास ताटकळलो, वर चामड्यासारखं मांस मिळालं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वार वेगळा असतो. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज नावाचं गाव घ्या, वस्ती साधारण ४० हजार आणि फुटबॉल स्टेडियममध्ये बसतात एक लाखाहून जास्त लोक. मॅचच्या शनिवारी त्यातले किती जण संध्याकाळी जेवायला बाहेर पडत असतील विचार करा. किचन तेच, ग्रिल तेवढीच, त्यात जेवण वाढणारी पोरं म्हणजे बरीचशी स्टुडंट्सच, सेमिस्टर सुरू होताना ऑगस्टमध्ये नवीन भरती झालेली.

म्हणून रिव्ह्यू वाचताना स्टार नंतर बघा, तारीख आधी बघा. युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरशी ताडून बघितलं की कळतं, मे महिन्यातले ग्रॅज्युएशनच्या वीकेंडचे आणि होम गेमच्या (गावातच मॅच असलेल्या) दिवसांचे वैतागलेले रिव्ह्यू एका गठ्ठ्यात येतात, ते वजा करून साध्या मंगळवार-बुधवारचे वाचा, त्यात पण तक्रारी असतील तर मात्र ती जागा सोडा. आणि मध्ये कापलेल्या स्टेकचा फोटो असेल तर तो दहा ओळींच्या कौतुकापेक्षा जास्त सांगतो.

आईबाबा ग्रॅज्युएशनला येणार असतील तर टेबल काही महिने आधीच धरा, खरंच सांगतोय, तिकिटं काढली की लगेच. ओपनटेबल किंवा रेझी या ॲपवर बुकिंग होतं पण मोठ्या ग्रुपला काही ठिकाणी डिपॉझिट लागतं, आणि न गेल्यास पैसे कापतात ते नीट वाचा. टेक्सास रोडहाउससारख्या चेनमध्ये रिझर्व्हेशन नसतं, ॲपवरून वेटलिस्टला नाव लावायचं, मग निघायच्या आधीच लावा ना, दारात उभं राहून कशाला! किंवा सरळ संध्याकाळी पाचला जेवा, आपल्याला विचित्र वाटतं पण तिथे ती जेवायचीच वेळ आहे.

मेन्यू हातात आला की पहिलं बघायचं ते साइड्स, म्हणजे सोबतचे पदार्थ, स्टेकच्या किमतीत आहेत की वेगळ्या. चेनमध्ये सहसा दोन साइड्स येतात, महागड्या ठिकाणी मात्र प्लेटमध्ये एकटा स्टेक येतो आणि बटाट्याचे, ॲस्परॅगसचे वेगळे पैसे, तिथेच बिल फुगतं. वजन आउन्समध्ये आणि कच्च्या मांसाचं लिहिलेलं असतं, १२ आउन्स म्हणजे ३४० ग्रॅम, भाजल्यावर साधारण पाव भाग कमी होतो, त्यामुळे लहान दिला म्हणून भांडू नका. सरकारी ग्रेडमध्ये प्राइम सगळ्यात वरचा, मग चॉइस, मग सिलेक्ट, हा फरक मुख्यतः मांसाच्या आत पसरलेल्या चरबीचा. प्राइम रिब लिहिलंय म्हणजे ग्रेड प्राइमच असेल असं नाही हं, तो कट आहे, म्हणजे जनावराच्या कुठल्या भागाचं मांस ते.

कट कुठला घ्यायचा? फिले सगळ्यात मऊ पण चव सौम्य, रिबआय चरबीवाला आणि चवीला भारी, स्ट्रिप दोघांच्या मधला, सरलॉइन खिशाला परवडणारा. पोर्टरहाउस आणि टी-बोनमध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप, दुसऱ्या बाजूला फिले, पोर्टरहाउसमध्ये फिलेचा भाग मोठा, दोघांत वाटून घ्यायला तो बरा पडतो, फक्त प्लेट शेअर करायचा चार्ज आहे का विचारा.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो भाजण्यावरून. मीडियम रेअर म्हणजे आतलं तापमान १३० ते १३५ फॅरेनहाइट, मध्ये कोमट लालसर, मीडियम म्हणजे १४० ते १४५, गुलाबी, आणि १६० च्या पुढे वेल डन. सरकारी सल्ला १४५ आणि मग तीन मिनिटं थांबा, असा आहे. प्लेटमध्ये जो लाल रस दिसतो ते रक्त नाही, मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन पाण्यात मिसळलेलं असतं, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा. पहिल्यांदा खाणाऱ्याने मीडियम मागवावा असं माझं मत, आणि वेल डनच हवा असेल तर रिबआय घ्या, फिले कोरडा पडतो. ऑर्डर देताना नुसतं नाव सांगू नका, मध्ये गुलाबी हवा की अजिबात नको तेही सांगा, कारण प्रत्येक किचनचं मीडियम थोडं वेगळं असतं. आला की लगेच मधोमध कापून बघा. कच्चा असेल तर परत भाजून देतात, जास्त झाला असेल तर नवीन करावा लागतो, पण अर्धा संपवून तक्रार केली तर कोणी ऐकणार नाही.

बरोबर बीफ न खाणारे किंवा व्हेज कोणी असेल तर नुसतं चिकन, सॅमन आहे ना एवढं बघून भागत नाही. ग्रिल एकच असते, ग्रीन बीन्समध्ये बऱ्याचदा बेकन (डुकराचं मांस) असतं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा, मॅश्ड पोटॅटोवर बीफ ग्रेव्ही, आणि फ्राइज कशात तळल्या हे विचारल्याशिवाय कळत नाही. बेक्ड पोटॅटो सगळ्यात सेफ, बेकन नको सांगून.

ड्रिंक घेणार असाल तर वय २१ पूर्ण हवं आणि पासपोर्ट जवळ ठेवा, कॉलेज टाउनमध्ये आयडी बघण्यात फार कडक असतात, परदेशी लायसन्स काही ठिकाणी चालत नाही.

बिल वेगवेगळं हवं असेल तर ऑर्डरच्या आधी सांगा, शेवटी आठ जणांचं वेगळं करायला लावणं म्हणजे त्या पोराचा छळ आहे. टिप १८ ते २० टक्के, १६० डॉलरच्या बिलावर २० टक्के म्हणजे ३२. जास्त वाटते, पण टिप मिळणाऱ्या कामगाराचा फेडरल किमान रोख पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलाय, काही राज्यांत जास्त आहे, पण सगळीकडे नाही. मोठ्या ग्रुपला टिप आधीच बिलात लावलेली असू शकते, ग्रॅच्युइटीची (तिथे टिपलाच म्हणतात) ओळ बघूनच पेन उचला, नाहीतर दोनदा द्याल.

उरलेलं बॉक्समध्ये मागायला लाजू नका, तिथे सगळेच नेतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि बेक्ड पोटॅटोचा फॉइल काढूनच ठेवा, फॉइलमध्ये गुंडाळलेला बटाटा रात्रभर बाहेर राहिला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो.