घोड्याचा तंग बनवताना आणि कसताना या चुका टाळा

माळेगावची जत्रा जवळ आली की आमच्याकडं घोडेवाल्यांची रांग लागते. मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपास नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात खंडोबाची जत्रा भरते, त्याच्या पंधरा दिवस आधीपासून परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरकडची पोरं खोगीर, लगाम, दुमची (शेपटीखालून खोगिराला जोडायचा पट्टा) असं सगळं सामान घेऊन येतात. तक्रार बहुतेक वेळा तंगाचीच असते. घोडं कसू देत नाही, खोगीर फिरतंय, कोपरामागचे केस गेलेत, कातडं लाल झालंय. बघतो तर दरवर्षी त्याच त्या चुका. वीस-बावीस वर्षं झाली तंग शिवतोय, तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून आता लिहूनच काढतो.

तंग म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नावच तंग, त्यामुळं लोकांच्या डोक्यात बसलंय की तो आवळूनच बांधायचा असतो. तसं नाही हो. खोगीर जागेवर राहतं ते घोड्याच्या पाठीला नीट बसलंय म्हणून, तंगानं त्याला फक्त तिथं धरायचं असतं. आणि तंग बसतो ती जागा एकदा हात लावून बघा. पुढच्या पायाच्या कोपरामागं साधारण चार बोटं, तिथं कातडं पातळ आणि सैल, खाली लगेच बरगड्या, आणि चालताना दर पावलाला कोपर मागं येतं. सगळ्यात जास्त दाब छातीच्या हाडावर मधोमध येत असंल असं वाटतं, पण तो येतो दोन्ही बाजूंना कोपरामागं, पट्ट्याच्या पुढच्या कडेला. तंग कापायच्या आधी एवढं डोक्यात ठेवलं तर निम्म्या चुका होतच नाहीत.

आता सगळ्यात जास्त चीड येणारी चूक, नायलॉनचा पट्टा. पिकअपमधला माल बांधायचा बेल्ट असतो ना, तोच कापायचा, दोन्हीकडं कडी लावायची, झाला तंग. स्वस्त पडतो, तुटत नाही, खरंय. पण तुटत नाही एवढ्यावरच तंग चांगला ठरतो का?

दोन वर्षांमागं जिंतूरकडचा एक पोरगा आला, चार वर्षांची कुमैत (तांबूस-तपकिरी) मारवाडी घोडी गाडीत घालून आणलेली. म्हणला, "काका, घोडी चावरी निघाली. खोगीर दिसलं की दात काढते, लाथ मारते." शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणं की घोडी मुळातच खोडील आहे, विकून टाक. तो बैलाला बांधतेत तसली मुसकी तिच्या तोंडाला बांधून खोगीर घालायचा. मी म्हणलं, घोडीचं नंतर बघू, आधी तंग दे इकडं. त्यानं नायलॉनचा दोन इंची बेल्ट पुढं केला. वरून छान दिसत होता, भगव्या रंगाचा. मी उलटा करून आतल्या बाजूनं तळहात फिरवला आणि हात झटकन मागं घेतला. बेल्टाचे धागे सुटू नयेत म्हणून टोक लायटरनं जाळलेलं, ते वितळून ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन गाठी झालेल्या, कडेला ब्लेडसारख्या धारदार, आणि टोकाची घडी शिवलेली कुठं तर आत, घोडीच्या अंगाकडं! घोडीला हात लावू देईपर्यंत अर्धा तास गेला. डाव्या कोपरामागं रुपयाएवढं कातडं गेलेलं, त्यावर धूळ आणि घाम वाळून खपली, खपलीच्या खाली ओलं. त्याच जागेवर दोन महिने दर रपेटीला तंग आवळला जात होता. मग चावंल नाही तर काय करंल ती?

त्या पोराचा हात मी धरला आणि त्या गाठींवर त्यालाच दाबायला लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, गाठ टोचली म्हणून नाही, घोडीकडं बघून. उघडी जखम होती म्हणून आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवायला लावलं, आणि सांगितलं की नवीन केस येईपर्यंत तंग लावायचाच नाही, नुसती हातात धरून फिरव. सव्वा महिना लागला. मग मी नवीन तंग शिवून दिला, तरी पहिले आठ दिवस घोडी तंग बघून कान मागं टाकायची, कारण दुखणं जातं पण जनावराच्या ध्यानातून जात नाही. त्या वर्षी माळेगावला मुसकीशिवाय उभी होती. शिकवणाऱ्याचं ऐकून विकली असती तर पुढच्या मालकानंही तिला खोडीलच म्हणलं असतं.

तर नायलॉन अंगाला लावू नका. घाम शोषत नाही, कड टणक, आणि दोन इंची पट्टी एकाच रेषेवर सगळा दाब टाकते. आमच्या मातीची बारीक धूळ घामात कालवली की त्या कडेला पॉलिशपेपरासारखी घासते. मी आत ताकदीसाठी जाड सुती नवार घालतो, बाहेरून चामडं, आणि अंगाकडच्या बाजूला नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) किंवा दुहेरी जाड सुती कापड. रुंदी मधे 4 इंच, कोपराजवळ पुढच्या कडेनं कापून 3 इंचावर आणतो म्हणजे कोपर मागं आलं तरी कडेवर आपटत नाही. सगळ्या कडा गोल वळवलेल्या. आणि शिवण अंगाला लागता कामा नये, चामड्यात रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, चर पाडून दोरा त्यात बसवायचा. झाला की मी तो स्वतःच्या मांडीच्या आतल्या बाजूला दाबून घासून बघतो. मला टोचला तर घोड्याला टोचणारच. नवार कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून तंग आखूड होतो.

दुसरी चूक मापाची. "मित्राच्या घोड्याला 50 इंचाचा बसतो, मलाबी 50 चाच द्या." फोनवर असं सांगणारे रोज भेटतात आणि मी देत नाही. खोगीर पाठीवर ठेवा, नेहमीची गादी खाली घाला, आणि खोगिराच्या एका बाजूला लोंबणाऱ्या पट्ट्याच्या मधल्या भोकापासून पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत टेप धरा. मधलंच भोक का, तर घोड्याचं अंग वर्षभर सारखं राहत नाही. पावसाळ्यात हिरवं गवत खाऊन घोडं भरतं आणि चैत्र-वैशाखात कडबा महाग झाला की उतरतं, बरगड्या दिसायला लागतात. मधल्या भोकावर माप घेतलं की दोन्हीकडं जागा शिल्लक राहते, तोच तंग बाराही महिने चालतो. शेवटच्या भोकावर बसणारा तंग म्हणजे बदलायचा तंग. आणि बक्कल कुठं येतंय ते बघा, कोपराच्या रेषेत आलं तर माप कितीबी बरोबर असू द्या, तंग चुकलाच. कोपरापासून चार बोटं तरी वर पाहिजे.

तिसरी चूक, सगळं कमीजास्त डाव्या बाजूनंच करायचं. आपण घोड्यावर चढतो डावीकडून, त्यामुळं हातही डावीकडंच जातो. उजवं बक्कल चौथ्या भोकावर कायमचं पडून राहतं आणि डावं वर-खाली होतं, मग काय होतं तर तंगाचा मधला गादीचा भाग सरकत सरकत डावीकडं जातो आणि छातीच्या हाडावर यायला पाहिजे ती मऊ जागा एका कोपरामागं जाऊन बसते. मी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर भोकांना आकडे ठोकून देतो, 1 ते 6, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की दोन्हीकडचा आकडा सारखा पाहिजे, फार तर एकाचा फरक. तंगाच्या मधोमध बाहेरून एक लाल टाका पण घालतो, घोड्यासमोर उभं राहून बघितलं की तो टाका दोन्ही पायांच्या मधे दिसला पाहिजे.

इलॅस्टिकचंही तसंच. एकाच टोकाला इलॅस्टिक लावलेले तंग बाजारात भरपूर मिळतात, कारण शिवायला सोपे. पण घोडं श्वास घेतं तेव्हा इलॅस्टिकची बाजू ढिली पडते आणि दुसरी बाजू ओढत राहते. लावायचं तर दोन्हीकडं सारखं लावा, किंवा लावूच नका. आणि इलॅस्टिकच्या मागं न ताणणारी पट्टी थोडी सैल सोडून शिवा, म्हणजे कुणी जोर लावून ओढलं तरी ती तिथं अडते. इलॅस्टिक हाताला हलकं लागतं म्हणून माणूस एक-दोन भोकं जास्तच आवळतो आणि त्याला कळतही नाही. आमच्याकडं मे महिन्यात 42-43 डिग्रीला पत्र्याच्या शेडमधे टांगलं तर दोन उन्हाळ्यांत ते मरतं. लाटा पडलेलं इलॅस्टिक दिसलं की कापून टाकायचं, ओढून बघत बसायचं नाही.

आता कसण्याचं. इथं मला राग आवरत नाही. घोडं पोट फुगवतं म्हणून पोटात गुडघा मारायचा आणि श्वास सुटला की झटक्यानं तीन भोकं ओढायची, हे मोठमोठे घोडेवाले नव्या पोरांना शिकवायलेत. अरे, ते लबाडी म्हणून फुगवत नाही, मागच्या वेळी दुखलं होतं म्हणून आधीच अंग ताठ करतं. गुडघा मारला की पुढच्या वेळी आणखी ताठ. माझी पद्धत वेळखाऊ आहे पण घोडं बिघडत नाही. पहिल्यांदा तंग नुसता लागंल इतपत लावायचा, खोगीर पडू नये एवढाच. मग लगाम, खूर बघणं, खरारा राहिला असंल तर तो, ही कामं उरकायची. मग एक भोक डावीकडं, एक उजवीकडं. वीस-तीस पावलं चालवायचं. आणखी एक भोक. मग पुढचे दोन्ही पाय एकेक करून गुडघ्यात धरून हळूच पुढं ओढायचे म्हणजे तंगाखाली गोळा झालेलं कातडं सरळ होतं, हे कुणी करत नाही आणि निम्मी काचणी याच्यामुळंच होते. चढायच्या आधी एकदा आणि दहा मिनिटं चालल्यावर एकदा परत बघायचं.

किती घट्ट हे बघायला बाजूला बोटं घालू नका, तिथं बरगड्यांच्या बाकामुळं कधी पोकळ लागतं कधी घट्ट. दोन्ही पायांच्या मधे, छातीच्या हाडावर बघा, दोन बोटं आडवी सपाट गेली पाहिजेत, थोडी अडत. चार गेली तर ढिला, एकही जात नसंल तर लगेच सोडा. घोड्याची छाती श्वासानं हलते, ती आवळून ठेवली तर ते लवकर दमणारच. एवढं करूनही खोगीर फिरत असंल तर दोष खोगिराचा किंवा गादीचा आहे, तिथं तंग आवळून भागत नाही. खाली गाद्यांवर गाद्या घालून खोगीरभरती करणारे तर आणखी बिघडवतेत, खोगीर जेवढं उंच तेवढं जास्त फिरतं. छातीपट्टा आणि दुमची लावा, आणि खोगीर एकदा जाणत्याला दाखवा.

बाकी बारीकसारीक. भोक सुरीनं चिरू नका, गोल पंचानं पाडा, चिरेचं टोक फाटत जातं. एका बाजूला एकच बक्कल ठेवू नका, दोन ठेवा, एक तुटलं तर माणूस वाचतो. बक्कल रोलरचं घ्या, साधं बक्कल पट्टा खातं. दोरा मेण लावलेला, आणि मशीनच्या शिवणीवर भरवसा नको, ताण येतो तिथं आरीनं (चांभाराच्या टोच्यानं) हातशिवण. लग्नसराईत डीजेपुढं दोन-दोन तास घोडं उभं करता, तेव्हा नवरदेव उतरला की दोन भोकं सैल करा, नवरीकडची पंगत बसेपर्यंत ते तसंच आवळलेलं असतं. तेल एरंडेलाचं चालतं पण फडक्यावर घेऊन, पातळ. चामडं तेलात बुडवून ठेवणारे आहेत, ते मऊ होऊन लांबतं आणि दोराही सैल पडतो.

आणि रपेट झाल्यावर तंग तसाच खुंटीला अडकवू नका. अंगाकडची बाजू ओल्या फडक्यानं पुसा, वाळलेल्या घामाचं मीठ उद्या खडे होऊन टोचणार आहे. सुती बाजू आठवड्याला ब्रशनं साध्या पाण्यात धुवा, साबण राहिला तर कातडं चुरचुरतं. मग सावलीत, दोरीवर आडवा, दोन्ही बक्कलं वर करून वाळत घाला.