वणवा आणि धरणाचं पाणी सॅटेलाइटवरून बघताय? या चुका टाळा

नासाच्या फर्म्सवरून, म्हणजे सॅटेलाइटला दिसलेल्या आगींची यादी देणाऱ्या साइटवरून, आगीचे पॉइंट डाउनलोड करणं आता कुणालाही जमतं, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. गडबड होते ती त्यानंतर. आणि माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा मॉडेल (या डेटावरून आग किंवा पूर वर्तवणारा प्रोग्राम) बरोबरच असतं, चुकलेली असते ती तारीख नाहीतर युनिट.

सगळ्यात जास्त होणारी चूक वेळेची. फर्म्सच्या फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आग टिपणाऱ्या व्हीयर्स सेन्सरवाले सॅटेलाइट आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात, म्हणजे १५ मार्चला पहाटे दीडला दिसलेली आग फाइलमध्ये १४ मार्च, २०:०० अशी पडते. मग कुणीतरी ती वनरक्षकाच्या नोंदवहीशी जुळवायला बसतो, तारीख जुळत नाही आणि शेवटी खापर फुटतं वनरक्षकावर! वेळेच्या कॉलममध्ये पुढचं शून्यही उडालेलं असतं, तिथे ८१२ दिसलं तर ते ०८:१२, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे १:४२. आधी तारीख आणि वेळ जोडा, साडेपाच तास मिळवा, मगच पुढे जा.

पॉइंट नाही म्हणजे आग नाही, असंही समजू नका. डोंगरावरचं वाळलेलं गवत संध्याकाळी चारला पेटलं आणि गावातल्या पोरांनी ओल्या फांद्यांनी झोडपून नऊपर्यंत विझवलं तर व्हीयर्सला ते कधी दिसणारच नाही. आणि उलटंही आहे, पॉइंट मोजून क्षेत्रफळ काढू नका. व्हीयर्सचा पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक चौकोन, ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण १४ हेक्टर, आणि पॉइंट हा त्या पिक्सेलचा मध्य असतो, आगीची नेमकी जागा नाही. दहा पॉइंट म्हणजे १४० हेक्टर जंगल जळालं असा हिशोब मी बघितलाय, प्रत्यक्षात एकच आग दोन-तीन सॅटेलाइटनी टिपलेली होती. शिवाय कोकणात उन्हाळ्यात राब भाजतात ती शेतीची आग आहे, वणवा नाही, आणि पोलाद कारखाने, समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या ज्योती हेही त्याच यादीत येतं. फर्म्सच्या जुन्या, पक्क्या डेटात टाइपचा, म्हणजे आगीच्या प्रकाराचा कॉलम असतो, तो बघा. ताज्या डेटात तो नसतो, तिथे जमीन-वापराचा नकाशा लावूनच गाळायचं.

आता जळालेलं क्षेत्र. यासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय सॅटेलाइटचे आगीआधीचे आणि नंतरचे फोटो घेऊन एनबीआरचा फरक काढतात (एनबीआर म्हणजे दोन इन्फ्रारेड पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागून येणारा इंडेक्स, जळालं की तो घसरतो), पद्धत चांगली आहे, पण आधीचा फोटो ऑक्टोबरचा आणि नंतरचा मार्चचा घेतला तर सागाची पानगळ आणि सुकलेलं गवत हेसुद्धा जळालेलं दिसतं! दोन्ही फोटो आगीच्या अगदी जवळचे घ्या, ढगांमुळे जमलं नाही तर आधीच्या वर्षीचा त्याच पंधरवड्यातला. आणि एक खड्डा असा की त्यात अनुभवी माणसंही पडतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले येतात. ते वजा केले नाहीत तर एनबीआरच्या भागाकारात वर वजाबाकीत कटतात पण खाली बेरजेत २००० जास्तीचे राहतात आणि इंडेक्स शून्याकडे सरकतो, मग २०२१ आणि २०२२ ची तुलना केली की जंगल एका वर्षात बदललं असं वाटतं. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन साधनात काम करत असाल तर हार्मोनाइज्ड कलेक्शन घ्या, त्यात हा फरक आधीच काढलेला असतो. फाइल स्वतः उतरवत असाल तर नुसत्या तारखेवर जाऊ नका, जुने सीनही नव्याने प्रोसेस झालेले असतात, प्रत्येकाचा बेसलाइन नंबर, म्हणजे प्रोसेसिंगची आवृत्ती, तपासा.

पाण्याकडे येऊ. एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा इंडेक्स शून्याच्या वर म्हणजे पाणी, हा नियम उजनी धरणावर लावून बघा, जिथे जलपर्णी पसरलीय तिथे पाणी गायब होतं. हिवाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांची सावली उलट पाणी म्हणून येऊ शकते, त्यामुळे चढाचा नकाशा लावून तेवढा भाग काढून टाकायचा. पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-१ सॅटेलाइटचं, ढगांतूनही बघणारं रडार वापरावं लागतं, तिथे शांत पाणी काळं दिसतं पण वाऱ्याने लाटा उठल्या की उजळ होतं, म्हणून एकाच दिवसाच्या फोटोवर विसंबू नका. आणि पसरलेलं पाणी म्हणजे साठा नाही. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातले साधारण ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेलं तळातलं पाणी. पेपरात धरण मायनसमध्ये गेलं असं येतं तेव्हाही सॅटेलाइटला भरपूर पाणी दिसत असतं, ते चूक नाही, पेपरातली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची आहे.

पावसाचा डेटा जोडताना परत तेच घड्याळ. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, सॅटेलाइटच्या पावसाचा दिवस यूटीसीचा. दोन्ही तसेच चिकटवले की मॉडेलमधला पूर एक दिवस आधी नाहीतर नंतर येतो आणि माणूस मॉडेलचे पॅरामीटर पिळत बसतो. पावसाच्या पाव अंशाच्या ग्रिडचा (चौकोनी जाळीचा) एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली वाईला हजाराच्या आत, एवढा फरक त्या एका सरासरीत बुजून जातो. घाटमाथ्यावरच्या धरणासाठी जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडे मिळवाच.

मॉडेल तपासताना पिक्सेल सरसकट मिसळून ट्रेन-टेस्ट (काहींवर शिकवणं, उरलेल्यांवर तपासणं) करू नका, एकाच वणव्याचे शेजारचे पिक्सेल दोन्हीकडे जातात आणि अचूकता ९५ टक्के दिसते. तशीही बहुतेक पिक्सेलवर बहुतेक दिवस आग नसतेच, त्यामुळे ‘कुठेच आग नाही’ म्हणणारं मॉडेलसुद्धा तेवढे मार्क काढतं. एक अख्खं वर्ष बाजूला ठेवा आणि त्यातल्या किती खऱ्या आगी सापडल्या, किती सुटल्या ते मोजा.