बॉबिन लेस करायला बसायच्या आधी काय काय तयार हवं

बॉबिन लेस म्हणजे बॉबिन नावाच्या छोट्या दांड्यांवर दोरा भरून, उशीवर टाचण्या लावत, दोरे एकमेकांवरून नेत विणायची लेस. ती शिकायची म्हटलं की सगळे आधी टाके बघायला धावतात, आणि टाके तर दोनच हालचालींतून होतात, क्रॉस आणि ट्विस्ट (कसे ते शेवटी सांगते), तेवढ्याला संध्याकाळभरात हात बसतो. घोळ होतो तो त्याच्या आधी, दोरा पॅटर्नला जाड पडतो, टाचणी हलते, बॉबिन सुटून खाली येते आणि मग माणूस म्हणतो आपल्याला जमत नाही. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने तयारी करते त्याच क्रमाने लिहितेय.

आधी पॅटर्न ठरवा, दोरा मागाहून. पहिल्यांदा टॉर्शन या साध्या भौमितिक नक्षीच्या लेस प्रकारातलंच घ्या, कारण त्यातले ठिपके, म्हणजे टाचण्यांच्या जागा, ४५ अंशांच्या तिरप्या जाळीवर असतात आणि चुकलं तर कुठे चुकलं ते डोळ्याला लगेच दिसतं. हॉनिटन किंवा बिंश ही बारीक कामाची लेस कितीही मोहात पाडत असली तरी ती नंतर. पॅटर्न प्रिंट करताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये १०० टक्के आहे ना ते बघा, बरेचदा तो पानात बसवायला गुपचूप आकार कमी करतो आणि मग सांगितलेला दोरा आणूनही लेस पुठ्ठ्यासारखी कडक होते, कारण कळतच नाही. प्रिंट आली की पट्टी लावून ठिपक्यांमधलं अंतर मोजून घ्यायचं. मग ती जाड कार्डशीटवर चिकटवा, वरून पारदर्शक चिकट फिल्म लावा, निळसर मिळाली तर फारच छान, पांढरा दोरा तिच्यावर उठून दिसतो. पेन्सिलच्या रेघा उघड्या ठेवू नका, शिसं दोऱ्याला लागतं. आता टोच्या घ्यायचा, नसेल तर लाकडी मुठीत बसवलेली सुई, खाली फोम नाहीतर कॉर्क ठेवायचा आणि एकूण एक भोक आधीच पाडून घ्यायचं, सुई अगदी सरळ धरून. कंटाळवाणं आहे पण इथे भोक अर्धा मिलिमीटर सरकलं की लेसची कड वाकडी येते, ती नंतर कशानेच सरळ होत नाही.

पॅटर्नसोबत येणारी आकृती वाचायला शिकून घ्या. आकृतीतली एक रेघ म्हणजे एक दोरा नव्हे, एक जोडी, म्हणजे दोन बॉबिनवरचे दोन दोरे, हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो. रंगीत आकृत्यांमध्ये साधारणपणे जांभळा म्हणजे क्लॉथ स्टिच (क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस), हिरवा म्हणजे हाफ स्टिच (क्रॉस, ट्विस्ट) आणि लाल म्हणजे होल स्टिच (क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस, ट्विस्ट).

आता दोरा. कॉटन किंवा लिनन, चांगला पिळाचा, न ताणणारा. मशीनचा पॉलिस्टर दोरा घेऊ नका, तो ताणला जातो आणि टाचण्या काढल्या की आखडतो. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, पण दोन कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून माझा भरवसा नंबरपेक्षा पट्टीवर जास्त. पट्टीवर १ सेंटिमीटरमध्ये दोरा शेजारीशेजारी गुंडाळायचा, दाबायचा नाही, ताणायचा नाही, आणि वेढे मोजायचे. पॅटर्नमध्ये सांगितलेल्या दोऱ्याचे वेढे माहीत असतील तर तेवढेच वेढे देणारा कुठलाही दोरा चालतो. शंका असेल तर छोटा नमुना करा. क्लॉथ स्टिचचा भाग कडक झाला तर दोरा जाड, दोरे इकडेतिकडे सरकत असतील तर बारीक. सरावाला मोठ्या केलेल्या पॅटर्नवर पर्ल कॉटन ८ किंवा १२ नंबर उत्तम, डोळ्यांना त्रास नाही.

उशी विकतचीच हवी असं काही नाही. पेंढा ठासून भरलेली मिळाली तर सोनं, तिच्यातली भोकं आपोआप बुजतात. घट्ट थर्माकोलच्या जाड तुकड्याला कापड ताणून लावलं तरी सुरुवात होते, फक्त तो काही महिन्यांनी चाळणीसारखा होणार. परीक्षा एकच, टाचणी अर्धी खोचून तिला बोटाने हलकेच ढकला, डुलली तर उशी भुसभुशीत आहे. गोल चपटी उशी मॅटसाठी आणि छोट्या कामाला बरी, लांब पट्टीला लोडासारखी. स्लोव्हेनियातल्या इड्रियात अशा लोडावरच काम करतात, तिथली लेसची शाळा १८७६ पासून चालू आहे आणि स्लोव्हेनियातल्या या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मला फार भारी वाटतं हे. उशीवर आणि बॉबिनखाली घालायला गडद, बिनलवेची दोन साधी कापडं लागतील, आधी धुऊन घ्या नाहीतर रंग पांढऱ्या दोऱ्यावर उतरेल.

टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्याच. माझ्या पहिल्या पट्टीला मी घरातल्या साध्या टाचण्या लावल्या आणि दमट दिवसांत आठवडाभर तशीच ठेवली, काढली तर कडेने गंजाचे बारीक तपकिरी ठिपके, ते अजून गेलेले नाहीत. शे-दीडशे टाचण्या हाताशी ठेवा, कारण मागच्या काढून पुढे लावायची घाई केली की केलेली लेस सैल पडते. मोठ्या मण्याच्या टाचण्या फक्त कापड आणि पुठ्ठा धरून ठेवायला. शिवाय अगदी बारीक क्रोशाची सुई आणि छोटी टोकदार कात्री.

बॉबिन कुठल्या घ्याव्यात यावर लोक फार अडून राहतात. मण्यांची वेटोळी लावलेल्या इंग्लिश बॉबिनला त्या मण्यांचं वजन मिळतं आणि ती गडगडत नाही, पोटाकडे फुगीर असलेल्या युरोपियन बॉबिन तळहातात छान फिरतात. सगळ्या एकाच वजनाच्या असल्या म्हणजे झालं. दहा-बारा जोड्या, म्हणजे वीस-चोवीस नग, सुरुवातीला खूप झाल्या.

आणि भरणं, इथे वेळ द्या. एका बॉबिनवर दोरा भरायचा, मग न तोडता तितकाच दोरा पुढे मोजून तोडायचा आणि ते टोक दुसऱ्या बॉबिनवर भरायचं, म्हणजे जोडी एकाच दोऱ्याची होते आणि सुरुवातीला गाठ येत नाही. छोट्या नमुन्याला बॉबिनमागे मीटरभर पुरतो, आडवी जाणारी कामकरी जोडी मात्र दुप्पट खाते. सगळ्या बॉबिन एकाच दिशेने भरा. शेवटी मानेवर दोऱ्याचा फास अडकवायचा आणि बॉबिन हवेत सोडून बघायची, लटकली पाहिजे, सुटता कामा नये, आणि ती फिरवली की थोडा दोरा सुटला पाहिजे. घसरली तर फास दोनदा घ्या.

बसताना उशीचा पुढचा भाग जरा खाली आणि उजेड बाजूने, हात धुतलेले, क्रीम न लावलेले. पॅटर्नला हात लावायच्या आधी दोनच जोड्या एका टाचणीला टांगून वेणी घाला. क्रॉस म्हणजे चारातल्या मधल्या दोघींतली डावी उजवीवरून, ट्विस्ट म्हणजे दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून, दर वेळी हलकं ओढून ताण सारखा करायचा. दहा सेंटिमीटर वेणी एकसारख्या रुंदीची आली की ती कापून वहीत चिकटवा, शेजारी दोऱ्याचं नाव आणि वेढे लिहा, आणि मग पहिली टाचणी लावा.