कोल्हापूरच्या पावसात जुने ब्रिटिश संगीत अंक कसे टिकवायचे

रद्दीच्या गठ्ठ्यात 'एनएमई' (न्यू म्युझिकल एक्सप्रेस), 'मेलडी मेकर' किंवा 'साउंड्स' हाताला लागला, तर आधी कागद चोळून बघा: वर्तमानपत्रासारखा न्यूजप्रिंट आहे की गुळगुळीत. अंक कसा जपायचा हे कागदावरून ठरतं, नुसत्या नावावरून नाही.

मेलडी मेकर १९२६ मध्ये निघाला, एनएमई १९५२ मध्ये, साउंड्स १९७० मध्ये. ही साप्ताहिकं न्यूजप्रिंटवर छापली जात. शाई बोटांना लागायची म्हणून तिकडे त्यांना 'इंकी' म्हणत. १९६४ मध्ये एनएमईचा खप तीन लाखांवर होता, पण हा कागद आठवडाभर वाचून टाकून द्यायचाच होता. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो उजेडात पिवळा पडतो, आम्ल वाढतं आणि घडीवर तुकडे पडतात. १९८६ मध्ये सीडी विकत घेणाऱ्या वाचकासाठी 'क्यू' हे मासिक गुळगुळीत कागदावर आलं, १९९३ मध्ये 'मोजो'. साप्ताहिकांचे दिवस फिरले. साउंड्स १९९१ मध्ये बंद पडला. मेलडी मेकरने १९९९ मध्ये गुळगुळीत रूप घेतलं, तरी २००० च्या अखेरीस तो एनएमईत विलीन झाला. म्हणजे एकाच नावाचे दोन अंक दोन वेगळ्या पेट्यांत जाऊ शकतात.

न्यूजप्रिंटचे अंक उभे ठेवू नका, कणा वाकतो. मूळ घडीपेक्षा जास्त घडी न घालता आडवे रचा, थप्पी १५ सेंमीपेक्षा उंच नको. प्रत्येक अंक पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. साधी पीव्हीसीची पिशवी शाई ओढून घेते. सुतळीने गठ्ठा बांधला की कडा कापल्या जातात.

गुळगुळीत कागदाचा शत्रू ओलावा. त्यावरचा मातीचा लेप भिजला की मऊ होऊन शेजारच्या पानाला धरतो, आणि तसाच सुकला तर अंकाची वीट होते. २०१९ सारखं पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तर अंक उन्हात टाकू नका, इस्त्री तर नकोच. ओला असतानाच पानं सोडवा आणि मध्ये बटर पेपर घाला. अंक जास्त असतील, तर पिशवीत घालून ओलेच फ्रीजरमध्ये ठेवा आणि एकेक काढून सोडवत जा.

जून ते सप्टेंबर हवाबंद पेटी वापरा. ५० लिटरच्या पेटीला पाव किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घ्या आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्के हवा, ६५ च्या वर गेला की बुरशी धरते. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून, गार झाल्यावर परत ठेवा. पण अंकच दमट असताना पेटी बंद केली, तर आतला ओलावा आतच कोंडतो. म्हणून पेटी मे महिन्यातच भरा. ती भिंतीपासून वीतभर दूर, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवा. पत्र्याखालचा माळा मात्र नको, उन्हाळ्यात तिथे कागद भाजतो.

कसर दिसली, तर कोरडा अंक हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. डांबराच्या गोळ्या पेटीत घालू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

पिना गंजल्या असतील, तर मधल्या पानावर बोथट सुरीने टोकं सरळ करून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. फाटलेल्या जागी सेलोटेप कधीच नको, त्याचा गोंद तपकिरी होऊन आरपार उतरतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते इथे टाळा. कीड लागत नाही हे खरं, पण त्यातलं तांबं कागद लवकर कुजवतं.

अंकासोबत आलेली सीडी, कॅसेट किंवा फ्लेक्सी डिस्क (पातळ, वाकणारी रेकॉर्ड) काढून वेगळी ठेवा आणि पाकिटावर अंकाची तारीख पेन्सिलीने लिहा. ती आत राहिली, तर पानांवर तिचा वळ कायमचा उमटतो.